मागची दोन चाकं

९ जुलै
सुनीता आजही एसटीनेच शाळेत शिकवायला गेली. सोमवारपासून हेच चाललंय. अर्जुनीहून निघायचं, नवेगावला तिला शाळेच्या फाटकात सोडायचं आणि पुढे गोंदियाला धानाच्या मिलवर जायचं, हा लग्नापासूनचा नेम. आधी मोटरसायकलवर, मग छोट्या गाडीत, आता या काळ्या गाडीत. सेकंडहँड असली तरी जिल्ह्यात अशी दुसरी नसेल (हे मीच म्हणतो).

सोमवारचं लिहायचं राहिलं होतं. ट्रॅक्टरनं धानाच्या बांधीतला चिखल तळ्याच्या वळणावर आणून टाकलेला. वळण संपायच्या आतच मी अ‍ॅक्सिलरेटरवर पाय दाबला. या गाडीची ताकद सगळी मागच्या चाकांना. मागची बाजू फिरली आणि गाडी रस्त्यावर आडवी. कुणाला खरचटलंसुद्धा नाही. सुनीतानं डबा उचलला, "मले उतराचं आहे" एवढंच म्हणाली, आणि मागून येणाऱ्या बसला हात केला.

बाजूची रिकामी सीट बघवत नाही.

११ जुलै
गोंदियात टायरवाल्याकडे. मागच्या दोन्ही टायरच्या खाचा मधोमध संपल्यात. म्हणजे दोष टायरचा! जीव भांड्यात पडला. पुढचे चांगले आहेत. मागचे मुळातच रुंद, २५५ मिलिमीटर. पुढचे २२५. त्यामुळे पुढचे मागे, मागचे पुढे असं करता येत नाही. मागचे दोन नवेच घ्यायचे.

टायरवाला : "सेठ, पीछे सीधा २७५ डालो. गाडी सडक से चिपक के चलेगी. और पीछे से दिखेगी भी शेर."

दिसण्याचं मी मनावर घेतलं नाही असं नाही.

१३ जुलै, रवि.
चुलतभाऊ पुरुषोत्तमच्या शेतावर. चिखलणी चालली होती. ट्रॅक्टरला लोखंडी रुंद चाकं लावलेली, बांधीत पाण्यावरून चालल्यासारखा चाललाय. त्याला टायरचं विचारलं.

"दादा, बारीक चाक चिखलात रुतते. रुंद असलं का वरच्या वर चालते. डोळे मिटून रुंद घ्या."

झालं. टायरवाला म्हणतो रुंद, पुरुषोत्तम म्हणतो रुंद. रोवणी-लावणी करणाऱ्या माणसाला चिखलातलं कळणार नाही तर कुणाला? २७५ पक्के.

रात्री जेवताना सुनीताला सांगितलं. मला वाटलं खूश होईल. ती भात वाढत होती. म्हणाली, "बांधीत चाकाले वरच राहाचं असते, म्हणून ते रुंद. तुमाले तं चिखलाखालच्या डांबराले धराचं आहे. वरच्या वर चाललो म्हणूनच तं आडवे झालो ना?"

मी म्हटलं, डाळीत मीठ कमी आहे. कमी नव्हतं.

१५ जुलै
दिवसभर तेच डोक्यात. बाईचं बरोबर आहे. जितका रुंद, तितका पाण्यावर तरंगायला सोकावणार. धानाच्या मुलखात जन्म काढला आणि बांधीचा नियम डांबराला लावायला निघालो. पुरुषोत्तमला फोनवर सांगितलं. हसला : "वहिनीले विचारून घेत जा ना पहिलेच."

१८ जुलै
परत टायरवाला. आज रिंग मोजायला लावली. २७५ चढेल, पण रिंगला ओढूनताणून. टायर कडेनं फुगणार आणि आपल्या खड्ड्यांत पहिला तिथेच फुटणार. तो म्हणतो, "कुछ नहीं होता." उचलली जीभ, लावली टाळ्याला.

म्हणजे २५५च. पण त्यातही दोन जाती. एक मऊ रबराचा, खाचा नावापुरत्या. कोरड्या रस्त्यावर गोचिडासारखा धरतो. दुसरा खोल खाचांचा, लांब सरळ. पाणी मागे फेकतो, आवाज कमी, जास्त टिकतो. चालवायला मात्र जरा पोक्त.

बराच वेळ पहिल्यावर हात फिरवत उभा होतो. खरं सांगायचं तर मन त्याच्यावरच. पण कोरडा मे महिना वर्षातून एकदाच येतो, आणि मी या रस्त्यानं रोज जातो. रोज कुणाला तरी बाजूला घेऊन जायचं आहे.

दुसरा सांगितला. नागपूरहून येतील.

टायरवाला : "इतनी ताकतवाली गाडी, और टायर एकदम शादीशुदा."

म्हटलं, मैं भी वही हूँ.

२४ जुलै
टायर बसले. नवे टायर सुरुवातीला निसरडे असतात, थोडे दिवस जपून चालवायचं. संध्याकाळी अंगणात उभी करून सुनीताला बोलावलं. खाचा दाखवल्या. बोटाचं टोक आत जातं! तिनं बोट घालून पाहिलं. पदराला पुसलं.

"टायर तं बदलले," म्हणाली. "पाय बदलला का?"

आणि आत गेली. चिडून नाही. भाजी विचारावी तसं विचारलं. लागलं मात्र खोल. आडवी झाल्यापासून मी टायर टायर करून राहिलो, पायाचं नावच काढलं नाही. ती त्या दिवशी घाबरली होती. मला तेव्हा गाडीला ओरखडा पडला का, तेच बघायचं सुचलं होतं.

२८ जुलै
तळ्याच्या वळणावर आज पाय उचलला. बघायला कुणी नव्हतं.

३१ जु.
आजही. सवय होईपर्यंत अवघड. गाडी गुरगुरते, पाय शिवशिवतो. सु. एसटीनेच. बसमध्ये खिडकीची जागा मिळते आणि डुलकी लागते म्हणे.

५ ऑगस्ट
सकाळी एसटी आलीच नाही. वाटेत कुठं तरी बिघडली. मी गाडी काढत होतो. सुनीता स्टँडवरून परत आली, अंगणात उभी राहिली. मी काच पुसत राहिलो. बोललो असतो तर बिघडलं असतं.

तिनं पुढचं दार उघडलं, सीटवर पिशवी आणि डबा ठेवला, दार लावलं. मग मागचं दार उघडून मागं बसली. बरोबर त्या दोन चाकांच्या मधे.

वाटेत पाऊस. वळणावर पुन्हा चिखल, डांबर दिसत नव्हतं. पाय उचलला. इतका, की गाडी रांगायला लागली. मागून हॉर्न. पुरुषोत्तमचा ट्रॅक्टर! ट्रॉलीत रोवणीच्या बाया. धडधडत मला मागं टाकून गेला. एकीनं वाकून विचारलं, "गाडी बिगडली का जी?"

आरशात पाहिलं. सुनीता तोंडाला पदर लावून हसत होती. इतकी, की डोळ्यांत पाणी.

फाटकाशी उतरली. पिशवी घेतली, डबा घेतला. "संध्याकाळी बसनं येईन" म्हणाली, आणि तशीच आली.

एसटी दुरुस्त झाली असं ऐकतो. उद्या पिशवी कुठं बसते, आणि ती कुठं, ते पाहू.