किनारीतला सांधा

प्रिय दादा,

मी इथे मावशीकडे बरा आहे. हे आधी लिहितो, कारण पत्र बघून तुला वाटेल की काहीतरी बिनसलं, म्हणून धाकटा फोन सोडून कागदावर आला. तसं काही नाही. फोनवर तू मला बोलूच देत नाहीस. मी तोंड उघडायच्या आत थट्टा करतोस, मी हसतो, आणि फोन ठेवल्यावर लक्षात येतं की सांगायचं ते राहिलंच. सोमवारी तू पाण्याच्या टाकीवर नाव रंगवायला चढणार आहेस. त्याआधी हे तुझ्या हातात पडावं म्हणून मावशीच्या शेजारच्या ड्रायव्हरकाकांबरोबर पाठवतोय. उभ्या उभ्या वाचू नकोस. बसून वाच, आणि शेवटपर्यंत वाचून होईतो शिडीला हात लावू नकोस, एवढं माझं ऐक.

जांघेत जिथून नळी घातली होती तिथे जांभळा डाग पडलाय. आता तो कडेकडेने पिवळा व्हायला लागलाय. आपण ओल्या जांभळ्यावर पिवळा मारला की जसा मळकट रंग येतो, अगदी तसा. डॉक्टरबाई म्हणतात, हे व्हायचंच. जड उचलायचं नाही, जिने सावकाश चढायचे. मावशी तर मला पाण्याचा तांब्याही उचलू देत नाही. काल मी बादली नुसती पायाने सरकवली, तर म्हणाली, "डॉक्टरांनी बादलीला हात लावायला सांगितलेलं नाही, ताटाला सांगितलंय. ते आधी रिकामं कर." दुपारी मला अजून गळून गेल्यासारखं होतं आणि मी झोपतो. मध्येच एखादा ठोका चुकतो. काही आठवडे असं होत राहील, घाबरू नका, असं त्यांनी आधीच सांगून ठेवलंय. तरी माझी बोटं आपोआप मनगटावर जातात. मावशी म्हणते, "सोड ती नाडी, ती काय पळून जातेय?"

तू फोनवर मला म्हणालास, "तुझ्या काळजात वायरमन जाऊन आला." थट्टा होती, पण तू बरोबर बोललास. डॉक्टरबाईंनी कागदावर चित्र काढून दाखवलं. हृदय चालायला त्याचा स्वतःचा करंट असतो आणि त्याची एक ठरलेली वाट असते. माझ्यात जन्मापासून एक जास्तीची वाट होती. करंट कधीकधी त्या चोरवाटेने मागे फिरायचा, गोल गोल धावत सुटायचा, आणि हृदयही त्याच्या मागे धावायचं. ती वाट शोधून तेवढीच जाळून टाकायची, याला ॲब्लेशन म्हणतात. हा शब्द मी हॉस्पिटलच्या कागदावरून बघून लिहिलाय.

आता जे लिहितो ते मी अजून कुणालाच सांगितलेलं नाही. ती वाट सापडावी म्हणून ते लोक धडधड मुद्दाम सुरू करतात. मला पूर्ण झोपवलं नव्हतं, नुसती गुंगी होती. डॉक्टरबाई म्हणाल्या, "आता तुमची ती धडधड येईल, ओळखीची वाटली तर सांगा." आणि ती आली. शिडीच्या वरच्या पायरीवर यायची तीच, परीक्षेच्या हॉलमध्ये आली होती तीच, ज्या धडधडीपायी नववीत शाळा सुटली तीच. पण दादा, तेव्हा मी कशालाच घाबरलेलो नव्हतो. पाठीखाली गादी होती. दोन नर्स एकमेकींना आज डब्यात काय आणलंय ते सांगत होत्या आणि मी ते निवांत ऐकत होतो. आणि तरी ती धावत होती. जन्मभर घरात मी भित्री भागूबाई. बाबा म्हणायचे, तू म्हणायचास, मग मीही म्हणायला लागलो. त्या टेबलावर मला कळलं, की आधी छाती धडधडायची आणि मग मी घाबरायचो. आपण सगळ्यांनी ते उलटं धरलं होतं. माझ्या डोळ्यांना पाणी आलं. नर्सने विचारलं, दुखतंय का. मी म्हटलं, नाही, बरं वाटतंय. तिला वाटलं असेल, औषध चढलंय.

तुला हे बोल लावायला लिहीत नाही. भागूबाई म्हणून चिडवलंस, तरी शिडीच्या वरच्या टोकाला नेहमी तूच चढलास आणि मला खाली शिडी धरायला ठेवलंस. ते मी विसरणार नाही.

मला रोज थोडं चालायला सांगितलंय. मी गल्लीच्या टोकापर्यंत जातो. तिथल्या औषधाच्या दुकानावर आपणच रंगवलेली पाटी अजून आहे. हिरवी जमीन, पांढरी अक्षरं, पिवळी किनार. अक्षरं मी आखली होती, किनार तुझी. दुकानदाराने बसायला स्टूल दिलं, आणि मी बसल्या बसल्या तुझी किनार बघत राहिलो. वरच्या ओळीत, उजवीकडे, तिच्यात सांधा आहे. दुसऱ्या कुणाला दिसणार नाही, इतका सफाईने मिटवलाय. पण बाबांच्या हाताखाली शिकलेल्याला दिसतो. किनार एका दमात ओढायची, मध्ये ब्रश उचलला तर पुन्हा पहिल्यापासून, ही त्यांची शिस्त. माझा ब्रश दर वेळी उचलला जायचा, म्हणून तर मी अक्षरांवर आलो. तुझा कधीच उचलला गेला नाही.

मग मला ती पाटी रंगवतानाची दुपार आठवली. तू घाईने खाली उतरलास, रंग घट्ट झालाय म्हणालास आणि मला टर्पेंटाइन आणायला पिटाळलंस. मी आलो तेव्हा तू फुटपाथवर गुडघ्यांत मान घालून बसला होतास आणि जोरजोरात खोकत होतास. सर्दी नव्हती, काही नव्हतं. मग तोंडावर गार पाण्याचे हबके मारलेस, तांब्या तोंडाला लावलास, जरा वेळाने उठलास आणि म्हणालास, "बघतोस काय, धर शिडी." रंग घट्ट नव्हता. मी डबा उघडून बघितला होता.

मीही तसंच खोकायचो, दादा. मोरीत जाऊन, दार लावून. गार पाणी, श्वास कोंडून पोटावर जोर देणं, सगळं तेच. मला कुणी शिकवलं नव्हतं. मी ते सांगितलं तेव्हा डॉक्टरबाई हसल्या. म्हणाल्या, ज्यांना ही धडधड असते त्यातले बरेचजण हे आपलं आपणच शोधून काढतात. मग त्यांनी बाबांचं विचारलं. जेवून आडवे झाले आणि उठलेच नाहीत, असं सांगितल्यावर त्यांनी पेन खाली ठेवलं. बाबांना हेच होतं असं आता कुणी सांगू शकत नाही, पण हे कधीकधी एका घरात दोघांतिघांना असतं, असं त्या म्हणाल्या. आणि विचारलं, भावाला काही त्रास आहे का. मी त्या दिवशी नाही म्हटलं. तेव्हा मी पाटीवरचा तो सांधा बघितला नव्हता.

घरात एकाला घाबरट ठरवलं की दुसऱ्याला धीट राहावंच लागतं. ते तू इतकी वर्षं निभावलंस. पण टाकीवर मध्येच खाली उतरून बसायला फुटपाथ नसतो.

म्हणून मी दोन गोष्टी तुला न विचारता केल्या आहेत. टाकीवाल्यांना फोन करून काम पुढच्या महिन्यावर ढकललं. कुरकुरले, पण कबूल झाले. आणि सोमवारी सकाळी डॉक्टरबाईंकडे तुझं नाव लावलं. छातीला वायरी लावून ठोक्यांची कागदी पट्टी काढतात, दुखत नाही. वहिनीला मी काही बोललेलो नाही, ते तू तुझ्या तोंडाने सांग. शिव्या घालायच्या असतील तर इथे येऊन घाल, मावशीच्या देखत. बसस्टँडवर मी घ्यायला येईन, हळूहळू चालत. आणि आत जाताना भीती वाटली तर मला सांग. ती माझ्या चांगल्या ओळखीची आहे. मी शेजारी बसतो.

तुझाच,
धाकटा