अकाली, अवेळी

४ मार्च, सकाळी ११
इंग्रजी-मराठी शब्दकोशाचं काम जोरात. आज वाट्याला 'अनटाइमली'. अर्थ सोपे: १. अकाली (मृत्यू). २. अवेळी (येणं, बोलणं). उदाहरणाची वाक्यं तेवढी हवीत. दुपारपर्यंत हातावेगळं करणार.

सायं. ५
झालं नाही. 'अकाली' लिहिलं की वहिनी आठवते. तीन वर्षांपूर्वी ती गेली, त्या दिवशी दादा पेपरात द्यायचा मजकूर वाचून दाखवत होता. 'अकाली निधन.' मी म्हटलं, बासष्टाव्या वर्षी अकाली म्हणता येत नाही. चूक होतीच ती, दाखवायला नको? दादाने कागदाची घडी करून खिशात ठेवली. तेव्हापासून अबोला.
संकल्प: दादाची माफी मागायची. पण योग्य वेळ बघून.

७ मार्च
फोन करणार होतो. सकाळी तो पेपर वाचतो. दुपारी झोपतो. संध्याकाळी मन हळवं असतं (माझं). उद्या नक्की.

११ मार्च
ऑफिसात वहिनी खुर्चीमागे उभी असते. म्हणजे, तसं वाटतं. "भाऊजी, झालं का लिहून?" पूर्वी विचारायची, अगदी तस्संच. वळून बघितलं तर पंखा. घाबरलो, खोटं कशाला लिहू. संपादकबाईंनी विचारलं, एका शब्दाला आठवडा? म्हटलं, सखोल काम आहे.
फोन राहिला. अशा मनःस्थितीत बोलणं बरं नव्हे.

१४ मार्च, गुरुवार, दुपार
दादा आला! स्वतः! ऑफिसच्या दारात उभा, वाळलेला. त्याच्या मागे आणखी कुणीतरी आहे असं वाटून अंगावर काटा आला. मी घाईघाईने शब्दाच्या कार्डात डोकं खुपसलं. म्हटलं, बस, दोनच मिनिटं, वाक्य पुरं करतो. वाक्य कसलं, नुसतं पेन फिरवत होतो. मान वर केली तर दादा नाही.
असो. येऊन गेला म्हणजे राग गेला. रविवारी निवांत जाईन, पोटभर बोलू.

१५ मार्च
पुतणीचा फोन. "काका, बाबा गेले." सकाळी हृदयाचं ऑपरेशन होतं, टेबलावरच. मला माहीतच नव्हतं. काल ॲडमिट व्हायला जाताना त्याने माझ्या ऑफिसखाली गाडी थांबवायला लावली होती. तिने बजावलं, उशीर होतोय. तो म्हणाला, धाकट्याशी बोलून येतो. पाच मिनिटांत परत गाडीत येऊन बसला. तिने विचारलं, बोललात?
"नाही गं, कामात आहे तो."
मी कामात नव्हतो.