रंग ढवळायचं यंत्र मिळालं

प्रिय भाऊजी,

‘प्रिय’ सवयीने लिहून गेलं. खोडलं तर कागद घाण दिसेल म्हणून तसंच ठेवलंय, त्याचा फारसा अर्थ लावू नका. तुमचं पार्सल मिळालं. आत ते बॅटरीवर चालणारं, रंग ढवळायचं वीतभर यंत्र होतं, जादा बॅटऱ्या होत्या, आणि तुमची चिठ्ठी होती, ‘आता हाताला त्रास नको.’ वाचून माझ्या डोक्यात तिडीक गेली. तुमच्या मित्राचा उजवा हात पक्षाघाताने लुळा पडला, तेव्हापासून तुमचा पाय या घराकडे फिरकलेला नाही. दोन गल्ल्या पलीकडे राहता आणि वस्तू कुरियरने पाठवता! चालत निघाला असतात तर पार्सलच्या कितीतरी आधी पोचला असतात.

आधी त्या यंत्राचंच बोलते. ते चालवायला एका हातात दांडी धरावी लागते आणि दुसऱ्या हाताने बाटली घट्ट दाबून ठेवावी लागते, नाहीतर बाटली टेबलावर गरागरा फिरते. ज्याला एकच हात चालतो त्याला तुम्ही दोन हातांचं यंत्र पाठवलंत. बाटली धरायची कुणी, हा प्रश्न तुम्हाला पडला नाही? की वहिनी आहेच, ती धरेल, असं गृहीत धरलंत? दुसरं म्हणजे, व्यायाम करून घ्यायला जी मुलगी येते तिने ह्यांना ढवळायलाच सांगितलंय. मी तिला सहज ह्यांचं रंगांचं टेबल दाखवलं, तर म्हणाली, काकू, याच्यापेक्षा चांगला व्यायाम मी काय देणार, रोज बाटल्या ढवळू दे त्यांना. म्हणजे ज्या त्रासातून तुम्ही ह्यांना सोडवायला निघालात, त्या त्रासाचीच ह्यांना गरज आहे. पण हे कळायला इथे यावं लागतं.

त्या टेबलावर माझा किती राग होता हे तुम्हाला चांगलं ठाऊक आहे. घरात जेवायचं टेबल एकच, आणि रविवार उजाडला की त्यावर तुमच्या बाटल्या, चिंध्या, ब्रश. आम्ही मायलेकी मांडीवर ताटं घेऊन जेवायचो. आधी जोडून रंगवायची प्लॅस्टिकची लहान विमानं झाली, मग आगगाडीची इंजिनं, मग बोटी. कारखान्यात आठवडाभर खऱ्या यंत्रांशी झटापट करून पोट भरत नव्हतं का तुमचं, असं मी विचारायची आणि तुम्ही दोघं शाळेतल्या पोरांसारखे फिदीफिदी हसायचात. ऐकून ऐकून माझंही सगळं पाठ झालं. बाटली नुसती हलवून भागत नाही, वर पाणीच हलतं. खरा रंग तळाला चिकटून बसलेला असतो, तो सपाट टोकाने खरवडून वर आणायचा, मगच झाकण लावून हलवायचं. ते सपाट टोकाचं हत्यार तुम्ही दातांच्या डॉक्टरच्या मागे लागून मिळवलं होतंत, दात दुखत नसताना. ते अजून आहे, रोज वापरात आहे.

आणि ते छर्रे आठवतात? ह्यांनी तुम्हाला काचेचे मणी आणायला सांगितले होते. बाटलीत मणी असले की हलवताना आत फिरून गुठळ्या फोडतात. तुम्हाला वाटलं काचेत काय दम आहे, लोखंड जड, ते जास्त काम करेल. कारखान्याचं स्टोअर तुमच्याच ताब्यात होतं, तिथून सायकलचे छर्रे आणलेत आणि हे गावाला गेलेले असताना, खूश करायला म्हणून, एकूण एक बाटलीत टाकून ठेवलेत. रंग पाण्यातले. छर्रे गंजले. पांढऱ्या रंगाचा चहा झाला आणि पिवळा तर बघवेना. ह्यांनी तुमच्याशी बोलणं टाकलं. पण तुम्ही काय केलंत? रोज संध्याकाळी आलात. बेसिनपाशी स्टूल टाकून बाटल्या धूत बसलात, हे तोंड फिरवून पेपर वाचत असताना त्यांच्या पाठीशी अखंड बडबड करत राहिलात. शेवटी एकदा पेपर हलायला लागला, तेव्हा मला कळलं की हे आतून हसतायत. गंजलेल्या रंगासाठी जो माणूस रोज येऊन बसला, त्याला आता काय झालं?

मला माहीत आहे तुम्ही काय सांगता ते. तुमची बायको येते, बिचारी, माझ्याजवळ बसते, भाजी निवडू लागते. ती म्हणते, आमच्या ह्यांना बघवत नाही हो. मला बघवतं का? शर्टाची बटणं लावताना, हनुवटीवरून ओघळलेलं पाणी पुसताना मला मोठी मजा वाटते का? औषधाच्या दुकानदाराकडे तुम्ही चौकशी करता, तेही मला कळतं. तो मला गोळ्या देतो आणि वर तुमचा निरोप देतो, जशी काही मी त्याच्याच घरची. परवा बँकेसमोर मला बघून तुम्ही टेम्पोच्या आड झालात. भाऊजी, टेम्पो लहान होता. तुमचं अर्धं पोट आणि निळी पिशवी मला स्वच्छ दिसत होती. मी हाक मारणार होते, पण लाज मला वाटली, तुमच्या वाटची.

दवाखान्यात आला होतात, ते धरत नाही मी. हे तुम्हाला बघून काहीतरी सांगायला गेले आणि तोंडातून नुसता घोळ निघाला. तुम्ही खिशातून फोन काढलात, कानाला लावलात आणि बोलत बोलत बाहेर पडलात. फोन वाजला नव्हता. मी शेजारीच उभी होते. हे दाराकडे बघत राहिले, तुम्ही फोन संपवून आत याल म्हणून. त्यांना मी काय सांगितलं असेल, याचा तुम्ही कधी विचार केलात?

आता लाँचबद्दल. पूल व्हायच्या आधी तुम्हाला दोघांना नदीपलीकडे कारखान्यात नेणारी ती लाँच. तिची छोटी प्रतिकृती हे तुमचं सगळ्यात लाडकं काम, आणि नेमकं तेच अर्धवट. तिचा रंग म्हणे ना धड निळा ना धड राखाडी, उन्हाने विटलेला, कुठल्याच बाटलीत विकत न मिळणारा. तो जमवायला तुम्ही दोघं किती भांडलात! हे म्हणायचे राखाडी वाढव, तुम्ही म्हणायचात निळा. पांढऱ्यात गडद रंग थेंबाथेंबाने घालायचा, उलट करायचं नाही, एवढ्यावर काय ते एकमत. ह्यांचा नियम होता की लागेल त्याच्या दुप्पट रंग करून ठेवायचा, कारण तोच रंग पुन्हा जमत नाही. तुम्ही म्हणालात, कशाला वाया घालवतोस, पुरेल. लाँचची डावी बाजू झाली आणि बाटलीचा तळ दिसला. पुढच्या रविवारी परत करू म्हणून उठलात. तो रविवार यायच्या आत हे न्हाणीघरात पडले.

उजवी बाजू अजून उघडी आहे. बिनरंगाचं पांढरं प्लॅस्टिक. तो रंग आता मी करते, भाऊजी. हो, मीच, जिने त्या टेबलाला शिव्या घातल्या. ह्यांच्या उजव्या मुठीत काडी देते, वरून माझा हात ठेवते आणि आम्ही दोघं मिळून ढवळतो. ड्रॉपर माझ्याकडे. पांढरा आधी, मग राखाडी, मग निळा. प्लॅस्टिकच्या चमच्याच्या पाठीवर एक पट्टा ओढते आणि वाळू देते, कारण ओला रंग फसवतो, वाळला की गडद होतो. मग तो चमचा डाव्या बाजूला टेकवून ह्यांच्यासमोर धरते. हे मान हलवतात. नाही. माझ्या डोळ्यांना तर जुळलेला दिसतो! पुन्हा नवा चमचा, पुन्हा नाही. खिडकीत चमचेच चमचे झालेत, कामवाली विचारते आइस्क्रीमचं दुकान काढताय का. काय कमी आहे ते ह्यांना सांगता येत नाही आणि मला विचारता येत नाही, कारण मी त्या लाँचमध्ये कधी बसलेच नाही. हळूहळू माझ्या लक्षात आलं की ह्यांना डावी बाजू जुळवायचीच नाहीये. डाव्या बाजूचा रंग ह्यांना आधीपासूनच पटलेला नव्हता, तुमच्या हट्टापायी मान्य केला होता. ह्यांना अजून तुमच्याशी भांडायचंय. आता ते मी कसं करू?

तुमचं यंत्र आलं त्या दिवशी मी रागारागानेच ते चालू केलं. बाटली ह्यांच्या डाव्या हातात दिली, दांडी आत घातली, बटण दाबलं. ढवळलं छान, खोटं कशाला बोलू. पण बंद करायच्या आधीच मी ते बाहेर काढलं. माझा चष्मा, भिंत, ह्यांचं कपाळ, सगळीकडे निळा. क्षणभर मला रडू फुटणार होतं. आणि हे हसायला लागले. पडल्यापासून पहिल्यांदा, खदखदून, डोळ्यांत पाणी येईपर्यंत. मीही हसले. आणि हसता हसता ह्यांनी मान वळवली आणि दाराकडे बघितलं, तुम्ही कधी येऊन हे सगळं बघताय म्हणून. दारात कोणीच नव्हतं. हसू तिथेच बंद झालं. त्या वेळी तुम्ही समोर असतात ना भाऊजी, तर उरलेला रंग मी तुमच्या डोक्यावर ओतला असता.

आता जे लिहितेय ते तुमच्या बायकोलाही मी सांगितलेलं नाही. कुणी आलं की ह्यांना मी झोपवून ठेवते, ते यासाठीच. ह्यांना बोलता येत नाही असं सगळ्यांना वाटतं, पण एक शब्द येतो. एकच. ‘भोंग्या.’ कारखान्यात मशीनच्या आवाजावर तुमचा आवाज चढायचा म्हणून ह्यांनी तुम्हाला ठेवलेलं नाव. पाणी हवं असलं की भोंग्या. दिवा बंद कर, भोंग्या. दुखतंय, भोंग्या. मुलीचा फोन आला तर तिलाही भोंग्या, ती तिकडे ओक्साबोक्शी रडते. आणि मला हाक मारतात तीही भोंग्या! बोलायला शिकवायला येतात त्या बाई म्हणतात की असं होतं, बाकीचे शब्द सापडेनासे होतात आणि एखादाच अडकून बसतो, तो कुठला हे कुणाच्या हातात नसतं. नसेल. पण सगळा जन्म मी या माणसासोबत काढला, त्याचं आजारपण काढतेय, आणि त्याच्या तोंडात राहिलं कुणाचं नाव, तर टेम्पोच्या आड लपणाऱ्या माणसाचं. मला तुमचा इतका राग येतो, आणि त्याहून जास्त हेवा वाटतो, की कधी कधी मी मुद्दाम ओ देत नाही. मग हे पुन्हा हाक मारतात, जरा मोठ्याने, काकुळतीला येऊन. आणि मी ओ देते. दिवसभर मी तुमच्या नावाला ओ देते, भाऊजी.

हे पत्र लिहायचं कारण यंत्र नव्हे. काल त्या बाईंनी मला विचारलं, या नावाचा खरंच कोणी माणूस आहे का? मी म्हटलं, आहे, दोन गल्ल्या सोडून. त्या म्हणाल्या, मग त्यांना रोज थोडा वेळ ह्यांच्यासमोर बसवा. नाव ज्याचं त्याच्याकडे गेलं, तर बाकीच्यांसाठी ह्यांना दुसरे शब्द शोधावेसे वाटतील. खात्री देत नाही, पण करून बघू. तेव्हा रविवारी सकाळी या. बघवत नसेल तर जिन्यात उभे राहून काय रडायचं ते रडून घ्या आणि तोंड पुसून वर या. त्या रंगावरून ह्यांच्याशी मनसोक्त भांडा, ह्यांना उत्तर देता आलं नाही तरी भांडा. हे हाक मारतील, तुम्ही ओ द्या. मी उठणार नाही, स्वयंपाकघरात बसून राहीन. तुम्ही समोर असताना ह्यांना मला बोलवायचं झालं, तर ते मला काय म्हणून हाक मारतात, ते मला ऐकायचंय.

आलात तर तुमचीच,
वहिनी