कोठीची किल्ली

उमेळे, गुरुवार

प्रिय राधिका,

फोनवर तू मला बोलू देत नाहीस, म्हणून लिहितेय. सुजय या पत्राचा फोटो काढून पाठवील. तुझा भाऊ नवरदेव असला तरी सध्या तो माझा कारकून आहे.

काल सेमीफायनल जिंकूनही तू रडलीस. नॉकआउटला आपण दरवर्षी माती खातो, आता फायनलला माझ्या जागेवर आमची रीमाच खेळेल, मी शुक्रवारी हळदीला घरी येते, असं म्हणालीस आणि फोन ठेवलास. आज सकाळी मांडवातली कामं सोडून मी मोबाइलवर तुझ्या बास्केटबॉलच्या मॅचेस बघत बसले. साखळी सामन्यांत रोज नवा संघ, त्यांना तू कळेपर्यंत मॅच संपते. नॉकआउटला समोरच्या पोरी तुझे व्हिडिओ बघून येतात. तू उजवीकडूनच घुसतेस हे त्यांना पाठ. मधली रेघ ओलांडलीस की दोघी अंगावर! प्रत्येक वेळी चेंडू तूच आणतेस, म्हणून तोवर पायांतही त्राण नसतं. आणि तुझ्या चौघी? उभ्या राहून बघतात. राधिका करील सगळं, ही सवय त्यांना तूच लावलीस, पॉइंट गार्डबाई!

हा गुण माझाच गं. काल आळीतल्या बायका आपापल्या विळ्या घेऊन भाजी चिरायला आल्या, आणि मी फुलपाड्याच्या शिंप्याकडे ब्लाउजसाठी अडकलेली. कोठीची किल्ली माझ्या कमरेला! नारळ, तांदूळ, मसाले, सगळं कुलपात. रिक्षात नुसता घाम फुटला होता. म्हटलं, लग्नघरात आज शोभा होणार. येऊन बघते तर भाजी चिरून तयार, वाटण झालेलं, हसणं चाललेलं. शेजारच्या आग्नेसने घरचे नारळ आणले, बाकीचं ज्याच्या त्याच्या घरून आलं. आग्नेस एवढंच म्हणाली, "बस मंदा, चा पी." मला इतकं हलकं वाटलं, तिथेच पाटावर बसून रडले.

म्हणूनच सेमीफायनलचं शेवटचं मिनिट मी परत परत पाहिलं. दोघींनी घेरल्यावर तू चेंडू रीमाला देऊन टाकलास, मोकळ्या जागेत पळालीस आणि तिने तो तुला परत दिला. बास्केट झाली. तुला तुझ्या चुकाच आठवतात, मला ते पळणं दिसलं.

तर ऐक. उद्या हळदीला येऊ नकोस. तुझ्याशिवाय माझं काही अडेल ही माझीच भीती, आणि फायनलची भीती तुझी. दोन्ही पुरे झाल्या. कोठीची किल्ली मी सकाळीच आग्नेसला देऊन टाकली. हळद लागताना तुझी आठवण येऊन डोळे भरतील, ते माझं मी बघेन. तू उद्या खेळ, हरलीस तरी खेळ. रात्रीची बस धर आणि परवा सकाळी करवली म्हणून दारात उभी राहा. कऱ्हा तेवढा तुझ्याच हातात हवा. तो पास करता येत नाही.

तुझीच,
आई