मी वर केलेला हात

गुरुजी, काल आपल्या तालुक्याच्या गोरेगावच्या बाजारातून येताना चहाच्या टपरीवर थांबलो, तर टीव्हीवर कबड्डी चालू होती. गादीवर, बूट घालून, लाल-निळ्या दिव्यांत. टपरीवाला म्हणाला, "आजोबा, तुम्ही बी मोठे खेळाडू होते म्हणतेत." मी म्हटलं, "होतो." "मंग टीव्हीत काऊन नाही आले?" बाकावरचे दोघे हसले. चहात साखर नाही असं सांगून मी अर्धा पेला तसाच ठेवून उठलो. साखर बरोबर होती.

तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली, पण राग आला की मी अजून तुमच्याशीच बोलतो. तुम्ही आम्हाला दिवसा मराठी शिकवायचात आणि संध्याकाळी कबड्डी, आणि तुमच्या लेखी ते दोन विषय नव्हतेच. मला तलावाच्या पाळीवर उभं करून अख्खी कविता एका श्वासात म्हणायला लावायचात. मध्येच श्वास घेतला की पुन्हा पहिली ओळ. समोर पाण्यावर शिंगाड्याचे वेल पसरलेले, पलीकडे धानाच्या बांध्या, मी म्हणून राहिलो आहे आणि तुम्ही डोळे मिटून माझा श्वास ऐकून राहिला आहात. त्या कविता मला आजही पाठ आहेत. त्यांचा मला काही उपयोग झाला नाही.

आणि ती मंडई. दिवाळीनंतरची गावची जत्रा, धान कापलेल्या बांधीत कोंडा पसरून केलेलं मैदान. शेवटच्या चढाईत माझा दम तुटला होता, पण पंचाला कळलं नाही आणि आम्ही जिंकलो. लोक मला खांद्यावर घेऊन नाचत होते. तुम्ही आलात, मला खाली उतरवलंत, माझ्या हातातला बक्षिसाचा, हंड्याएवढा पितळी गुंड काढून घेतलात आणि दुसऱ्या गावच्या पोरांना देऊन आलात. "चोट्ट्या," सगळ्यांसमोर म्हणालात, "पंचाचा कान चुकू शकते, तुया नाही. दम तुटला का हात वर. कोणी पाहो का न पाहो." माझा बाप तिथंच उभा होता. त्यानंही मान खाली घातली. तो सबंध हिवाळा गावात मी चोट्टा होतो.

पुढे खेळावर नोकरी लागली. नागपूरला, एका कारखान्याच्या संघात. सकाळी सराव, दुपारी नावाला काम, महिनोन्‌महिने दौरे. सहा मोसम मी तिथला पहिला चढाईपटू होतो. पोस्टातून तुम्हाला वर्तमानपत्राची कात्रणं पाठवायचो, तुम्ही त्यातल्या शुद्धलेखनाच्या चुका लाल शाईनं दाखवून परत पाठवायचात. मग तो सामना आला, ज्यातून राज्याचा संघ निवडायचा होता. शेवटची चढाई, आम्ही एका गुणानं मागे. मी एकाला शिवलो, मध्यरेषेकडे वळलो, आणि तिथंच थांबून हात वर केला. पंच बावरून माझ्याकडे बघत राहिला, त्यानं शिट्टीसुद्धा वाजवली नव्हती. मी म्हणालो, दम तुटला.

कपडे बदलायच्या खोलीत मॅनेजर आला. "किसने सिखाया बे तेरेको ये?"

"आमच्या गुरुजींनी."

"तो जा, गुरुजी के घर में खेल." सगळे हसले. तेव्हापासून मी 'महात्मा' झालो. पाणी आणा महात्मा, पट्ट्या आणा महात्मा. पुढच्या मोसमात राखीव, त्याच्या पुढच्यात भांडारात. ज्या पोरांना मी चढाई शिकवली, त्यांच्या मापाच्या चड्ड्या मोजून देत मी निवृत्त झालो. राज्याची जर्सी अंगाला लागली नाही ती नाहीच.

आणि तुम्ही? माझ्या वर केलेल्या हाताची गोष्ट कानावर आली तेव्हापासून तुम्ही ती दरवर्षी शाळेत प्रार्थनेनंतर सांगायचात. मी सुट्टीत गावी आलो की पोरं वाटेत थांबून नमस्कार करायची. बायको म्हणायची, "गुरुजीनं तुमचा देव करून ठेवला, आन घरात पाहाले गेलं तं काहीच नाही." मला तुमचा इतका राग यायचा की तुमच्या घरावरून जाणं टाळून मी शेतातून फिरून जायचो.

शेवटी एकदा आलो. तुम्ही खाटेवर होता, हात काडीसारखे झालेले. मला ओळखलंत. मग विचारलंत, "माह्या शिकवण्यानं तुही जिंदगी खराब झाली का रे?" तुमच्या डोळ्यांत पाणी होतं. मी खिडकीबाहेर बघत बसलो. उत्तर दिलं नाही. ते गप्प बसणं मला गोड लागलं होतं, गुरुजी, तेही लिहून ठेवतो. आठ दिवसांनी तुम्ही गेलात.

हा कागद कुणाच्या हाती जायचा नाही, म्हणूनच लिहू शकतो. त्या निवडीच्या सामन्यात माझा दम तुटला नव्हता. डाव्या कोपऱ्यातला गडी माझ्या घोट्याकडे झेपावत होता. आदल्या मोसमात त्यानं आमच्या एकाचा गुडघा मोडला होता, तो आवाज मी शेजारून ऐकला होता. मी भ्यालो. हात वर केला की अंगावर कुणी येत नाही, एवढंच मला सुचलं. मॅनेजरनं विचारलं तेव्हा भ्यालो म्हणायची लाज वाटली आणि तुम्ही तोंडात आलात. मग जन्मभर तुम्हीच राहिलात.

तुम्ही विचारलंत तेव्हा खोलीत आपण दोघंच होतो. मला फक्त 'नाही' एवढंच म्हणायचं होतं.