बटाट्याची सालं आणि सात माणसं

३ मार्च
आयुष्यात अन्याय खूप सोसले, पण ही खुर्ची म्हणजे कळस! एक पाय आखूड. तटरक्षक दलाची गस्तीनौका निवृत्त होतेय, तिचा इतिहास लिहायला मला बसवलंय — का, तर पूर्वी पाच वर्षं मी तिच्यावर होतो. तेव्हा कधी बोट लागली नाही. आता कोरड्या कचेरीत बसून लागतेय! साहेबांकडे तक्रार केली. "पुस्तिका वीसच पानांची आहे. तेवढी टिकेल खुर्ची."

४ मार्च
नौकेची जुनी लॉगबुकं चाळली. एकतीस वर्षांची सेवा. तस्कर पकडले — दोनदा. मंत्र्यांना समुद्र दाखवला — चाळीसदा. मंत्री ओकले — नोंद नाही.

६ मार्च
तेवीस वर्षांपूर्वीची, उलटलेल्या होडीची नोंद सापडली. सात मच्छीमार वाचवले. नौकेची सगळी अब्रू या एका ओळीवर उभी आहे! "टेहळणीवरच्या खलाशाने दुर्बिणीतून होडी पाहिली." त्याला पदकही मिळालं. नोंदीचं अक्षर मोठं सुबक.

दुपारी नौकेवरचा जुना आचारी काठी टेकत आला. "नातीला दाखवायचंय. माझं नाव कुठल्या पानावर?"

"कुठंच नाही."

"अरे, होडी मी पाहिली! मागच्या बाजूनं बटाट्याची सालं टाकत होतो, तर पाण्यात डोकी! दुर्बिणवाला घोरत होता, लाथ घालून उठवला त्याला. कप्तान म्हणाला, 'कचरा समुद्रात टाकायला बंदी आहे. तेही लिहायला सांगू का तुझ्या नावावर?' बसलो गप्प. तुला तर ठाऊकच आहे की सगळं."

मी चहा मागवला. नुसता चहाच मागवला.

७ मार्च
साहेबांना विचारून पाहिलं. "लॉगबुकात आहे तेच छापायचं. हा इतिहास आहे, मुदपाकखाना नव्हे!"
मुदपाकखाना असता तर आचाऱ्याचं नाव तरी लागलं असतं.

८ मार्च
खुर्ची फारच डुलते. एक ओळ झाली नाही.

९ मार्च
लॉगबुकात खाडाखोड चालत नाही. चुकीवर एकच आडवी रेघ, खालचं वाचता यायला हवं, आणि शेजारी सही — ज्यानं मूळ नोंद लिहिली त्याचीच.

साहेब जेवायला गेल्यावर रेघ मारली. वर लिहिलं, "आचाऱ्याने पाहिली. सालं टाकताना." आजची तारीख घातली, सही केली.

तेवीस वर्षांत अक्षर पार बिघडलंय माझं. सही मात्र तीच.