पायथ्याची दोरी

वाशी,
दि. १३ जानेवारी १९८५

माय,

तुला जयभीम. नामदेवालाही, कारण पत्र तोच वाचून दाखवणार. नामदेवा, घाई करू नकोस, आणि माय मध्येच उठून शेळीकडे गेली तर परत येईपर्यंत थांब.

इकडे सगळं ठीक. नळाला पाणी येतं. ह्यांना बढती मिळाली नाही, पण तब्येत बरी आहे.

शाळेचं प्रदर्शन जवळ आलंय. प्रत्येक मुलाने एकट्याने काहीतरी करून मांडायचं. आमची पोरं मात्र वहीत रेघ ओढायलाही "बाई, कशी ओढू?" विचारणारी. म्हणून दिवाळीची सुट्टी संपल्यापासून मी रोज दहा मिनिटांचा खेळ सुरू केला. काड्यापेटी, दोरा, रद्दी समोर ठेवायची आणि काम सांगायचं. वाऱ्यात न पडणारं काहीतरी करा, ओझं पेलणारं करा. नियम एकच, खरंच अडल्याशिवाय बाईंना विचारायचं नाही. आधी नुसता गोंधळ. आता माझ्याकडे कुणी वर बघतही नाही, आणि खरं सांगू, थोडं वाईट वाटतं.

पंधरा दिवसांपूर्वी शिरवणे गावातून येणाऱ्या गोजराने डाव माझ्यावरच उलटवला. आज बाईंनी करायचं म्हणाली, घरात पाहिजे पण नाही असं काहीतरी. दहा मिनिटांत विचार करायला वेळ कुठला? हात आपले चालत राहिले. काड्यांची चौकट, दोऱ्याची वीण. बाज झाली, आपल्या अंगणातली. गोजराने ती तळहातावर घेतली.

"बाई, याच्यावर कोन झोपनार हाय?"

मी घंटेची वाट बघत बसले.

माय, मागे आलीस ती चार दिवसांत परतलीस. बंद दारांत जीव कोंडतो म्हणालीस. तेव्हापासून 'ये' लिहायचा धीर होत नाही, म्हणून दर पत्रात पाण्याचं आणि बढतीचं लिहिते. मला तुझी फार आठवण येते.

आता पोरांसारखं मीही एकटीने काम काढलंय. सुताराकडून चौकट करून घेतली, सुंभ आणला, गॅलरीत खरी बाज विणली. विणताना दार उघडं ठेवते, तर शेजारणी येऊन बसायला लागल्यात. सगळं जमलं, पण पायथ्याची दोरी ताणली की वीण एका अंगाला जाते. कितीदा सोडली, पुन्हा बांधली. तू पाय लावून ओढायचीस, एवढंच आठवतं.

नामदेवा, हे हळू वाच. नियमाप्रमाणे विचारते आहे.

माय, माझं खरंच अडलंय.

सैल बाजेपाशी बसलेली,
तुझी सरोजिनी